राखणदाराची भाकरी

कोकणात, गोव्यात आणि आमच्या बेळगावच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावरच्या खेड्यांत गावाला एक राखणदार असतो. वेशीवर किंवा रानाच्या कडेला त्याचे ठिकाण असते. त्याला मूर्ती असतेच असे नाही; पण वर्षातून एकदा त्याचा मान त्याला पोचवला जातो, कुठे रोटाच्या रूपाने, कुठे नारळाच्या. हा मान एखादे श्रीमंत घर एकट्याने देत नाही. तो गावाच्या नावाने दिला जातो. या रिवाजामागे श्रद्धा आहे हे खरेच. परंतु आम्हाला त्यात एक व्यवहारज्ञानही दिसत आले आहे. जो साऱ्या गावाची राखण करतो तो एका घराचा मिंधा असता कामा नये, हे आपल्या पूर्वजांना कोणत्याही प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या आधी उमगलेले होते.

आधुनिक राज्यव्यवस्थेनेही राखणदार नेमला आणि त्याला लोकायुक्त असे भारदस्त नाव दिले. त्याच्या भाकरीचा प्रश्न मात्र तिने अर्धवटच सोडवला. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याकडेच माणसे मागायची, निधी मागायचा, आणि चौकशी पुरी झाल्यावर अहवालावरील कार्यवाहीही त्यांच्याकडेच मागायची, अशी ही रचना आहे. आम्ही कायदेपंडित नाही. आमच्या शासकीय सेवेची बरीच वर्षे अंदाजपत्रक आणि आस्थापना या दोन विषयांच्या फायलींत गेली. त्या खुर्चीवरून या प्रश्नाचे जे रूप दिसले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही कल्पना आपल्याकडे आली ती बाहेरून. नागरिकांच्या वतीने शासनाला जाब विचारणारा अधिकारी स्वीडनने १८०९ सालीच निर्माण केला होता. आपल्याकडे १९६३ साली डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लोकसभेत ‘लोकपाल’ हा शब्द प्रथम वापरला. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त असावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ मध्ये तेथे लोकायुक्तांचे कार्यालय प्रत्यक्ष सुरूही झाले. केंद्राला मात्र कायदा करायला २०१३ साल उजाडले आणि पहिला लोकपाल नेमायला २०१९. शिफारस आणि नेमणूक यांत त्रेपन्न वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात एक मनुष्य शासकीय सेवेत रुजू होऊन, निवृत्त होऊन, नातवंडांची लग्नेही पाहू शकतो.

आम्ही सेवेत रुजू झालो तेव्हा कर्नाटकात दक्षता आयोग होता. रामकृष्ण हेगडे यांच्या कारकिर्दीत १९८४ चा लोकायुक्त कायदा झाला, जानेवारी १९८६ पासून तो अमलात आला आणि दक्षता आयोग इतिहासजमा झाला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. डी. कोशल हे पहिले लोकायुक्त. इतर अनेक राज्यांतील लोकायुक्त म्हणजे केवळ शिफारस करणारा आदरणीय गृहस्थ असे. कर्नाटकाच्या संस्थेची ख्याती निराळी होती, कारण तिच्या हाताखाली स्वतःचे पोलीस दल होते. सापळा लावणे, झडती घेणे, गुन्हा नोंदवून न्यायालयात आरोपपत्र ठेवणे हे सारे एकाच छपराखाली होत असे.

तरीही पहिली पंधरा वर्षे सामान्य माणसाला या संस्थेचे अस्तित्व फारसे जाणवले नाही. ते जाणवू लागले न्यायमूर्ती एन. वेंकटाचल यांच्या काळात, २००१ ते २००६ या पाच वर्षांत. ते स्वतः कचेऱ्यांत, रुग्णालयांत अचानक जाऊन उभे राहत. त्या दिवसांत सरकारी कचेऱ्यांची हवा कशी पालटली होती ते आम्ही जवळून पाहिले आहे. ज्या टेबलांवर दुपारनंतर गर्दी होई ती टेबले ओस पडली. कोणी कर्मचारी खिशातली रक्कम सकाळीच वहीत नोंदवू लागले, म्हणजे पुढे प्रश्न नको. पण याच काळात आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. देवघेव थांबली नव्हती. ती कचेरीच्या आवारातून बाहेरच्या चहाच्या टपरीवर सरकली होती. धाक माणसाचा होता, आणि माणसाच्या निवृत्तीची तारीख साऱ्या कचेरीला ठाऊक होती.

त्यांच्यानंतर न्यायमूर्ती संतोष हेगडे आले. बळ्ळारीचे लोहखनिज आणि कारवारजवळच्या बेलेकेरी बंदरातून जप्त असतानाही बाहेर गेलेला खनिजाचा साठा, ही प्रकरणे आपल्या वाचकांच्या स्मरणात असतील. तो साठा पकडण्यात पुढाकार घेणाऱ्या वनाधिकाऱ्यालाच निलंबित करण्याची हालचाल झाली, तेव्हा जून २०१० मध्ये लोकायुक्तांनी राजीनामा दिला. पुढे वरिष्ठ नेत्यांच्या रदबदलीनंतर तो मागे घेतला. २७ जुलै २०११ रोजी त्यांनी खाणकामावरील आपला अखेरचा अहवाल सादर केला. त्यात सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक सार्वजनिक नुकसानीचा अंदाज होता. चारच दिवसांनी, ३१ जुलैला, मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी राजीनामा दिला. पुढे २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, हेही त्याच ओघात सांगितले पाहिजे. बेलेकेरी प्रकरणात विशेष न्यायालयाने कारवारच्या विद्यमान आमदारांसह काही जणांना दोषी ठरवले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्या शिक्षेला स्थगिती दिली. चौदा वर्षांनी आलेला निकालही अंतिम नव्हे. अहवाल देणारा वेगळा, खटला चालवणारा वेगळा आणि निर्णय देणारा वेगळा, हे न्यायाला धरूनच आहे. पण या साखळीतील पहिली कडी जितकी कच्ची, तितका पुढचा सारा भार डळमळीत राहतो.

आणि ती कडी लवकरच तुटली. २०१५ मध्ये खुद्द लोकायुक्त कार्यालयाच्या नावाने अधिकाऱ्यांकडून खंडणी मागितली जात असल्याचे आरोप झाले. तत्कालीन लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये लोकायुक्तांनी राजीनामा दिला. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा संशय साऱ्या राज्याच्या जिव्हारी लागला. अशा वेळी कुंपणाची डागडुजी करावी, निदान नवा राखणदार तातडीने नेमावा, अशी अपेक्षा होती. झाले ते निराळेच. १४ मार्च २०१६ च्या शासकीय आदेशाने भ्रष्टाचार प्रतिबंधक दल नावाची नवी यंत्रणा उभी राहिली, गुन्हे नोंदवण्याचा लोकायुक्त पोलिसांचा अधिकार काढून घेऊन तिला देण्यात आला, आणि ती यंत्रणा कार्मिक व प्रशासकीय सुधारणा खात्यामार्फत मुख्यमंत्र्यांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आली. लोकायुक्तांची पाटी, इमारत आणि वेतन शाबूत राहिले. दात तेवढे काढले गेले.

या काळात सामान्य माणसावर काय गुदरते याचा एक अनुभव आमच्या घरातलाच आहे. २०१९ साली आमच्या नात्यातील एका वहिनींच्या घराची वारसा नोंद एका कचेरीत अकरा महिने अडकली होती. पती गेलेले, मुले परदेशी, स्वतःचे वय अठ्ठ्याहत्तर. कागद सारे चोख होते. दर खेपेला नवीन त्रुटी निघे, आणि शेवटी एका मध्यस्थाने रक्कम सांगितली. आम्ही तक्रारीचा मसुदा लिहून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “भाऊजी, सही करते, पण उद्या हेच लोक माझ्या घरपट्टीचा, नळाचा, सगळ्याचाच कागद अडवणार नाहीत अशी हमी तुम्ही देता का?” अशी हमी देणे आम्हाला शक्य नव्हते. तक्रार कोणाकडे जाईल, तिथला अधिकारी किती महिने टिकेल, आणि त्या कचेरीच्या वरिष्ठांशी त्याचे संबंध काय असतील, यांपैकी एकाही गोष्टीची खात्री त्या दिवसांत नव्हती. वहिनींनी मसुदा घडी घालून परत केला आणि पैसे देऊन टाकले. नोंद चार दिवसांत झाली.

यातली अधिक क्लेशकारक गोष्ट पुढे आहे. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार लाच देणे हाही गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तसे कळवले तरच सुटका. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याचा पैसाही न ठेवून घेतलेली ती बाई आठव्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरली. कायद्याने तिच्यावर कर्तव्य घातले, परंतु ते कर्तव्य निर्भयपणे बजावता येईल असे दार मात्र उघडे ठेवले नाही. राखणदार दुबळा असला म्हणजे चोर मोकळा सुटतो हे आपण जाणतोच. पण अशा वेळी सज्जन माणूस चोरीचा भागीदार बनतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

११ ऑगस्ट २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो २०१६ चा आदेश रद्द केला. कायद्याने उभारलेल्या संस्थेचे बळ कार्यकारी आदेशाने काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. या लढ्यातील अर्जदारांत बेंगळुरूच्या वकिलांच्या संघटनेबरोबर आपल्या शेजारच्या धारवाडची समाज परिवर्तन समुदाय ही संस्थाही होती, याचा या भागातील आम्हा सर्वांना अभिमान वाटावा. अधिकार लोकायुक्त पोलिसांकडे परत आले. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे वर्षही उलटण्यापूर्वी, त्यावेळच्या सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारांच्या मुलाला चाळीस लाख रुपये घेत असल्याच्या आरोपावरून याच पोलिसांनी सापळ्यात पकडले. न्यायालयात काय टिकते हा वेगळा प्रश्न. पण सत्तेतल्या पक्षाच्या माणसावर सापळा लागू शकतो, एवढे तरी दिसले.

हा कर्नाटकाचा एकट्याचा प्रश्न आहे असे मात्र कोणी समजू नये. आपली मंडळी ज्या ज्या राज्यांत पिढ्यानपिढ्या नांदत आहेत तिथले अनुभव शेजारी शेजारी ठेवले, की राखणदाराला उपाशी ठेवण्याचे तीन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला प्रकार दात काढण्याचा. तो आताच सांगितला. दुसरा, खुर्चीच रिकामी ठेवण्याचा. वडोदऱ्याच्या वाचकांना आठवत असेल, गुजरातमध्ये १९८६ चा कायदा असूनही २००३ च्या अखेरीपासून लोकायुक्तपद रिकामे होते. २०११ मध्ये राज्यपालांनी न्यायमूर्ती आर. ए. मेहता यांची नेमणूक केली, ती वादात सापडली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ती ग्राह्य ठरवली, पण तोवर इतके पाणी वाहून गेले होते की न्यायमूर्तींनी पद स्वीकारण्यास नकार दिला. नवे लोकायुक्त आले ते २०१३ च्या शेवटी. दहा वर्षे कोणी कायदा मोडला नाही, कोणी संस्था बंद केली नाही. फक्त खुर्ची भरली नाही.

तिसरा प्रकार अहवाल कपाटात ठेवण्याचा. गोव्यात २०११ चा कायदा आहे. तेथील लोकायुक्त न्यायमूर्ती पी. के. मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली की आपण पाठवलेल्या एकवीस अहवालांपैकी एकावरही शासनाने कार्यवाही केली नाही. अशी संस्था चालवण्यापेक्षा ती बंद करावी, इथपर्यंत त्यांचा उद्वेग गेला होता. न्यायमूर्ती पदावर होते, कार्यालय उघडे होते, सुनावण्या होत होत्या. परिणाम मात्र शून्य.

या तिन्ही प्रकारांत एक साम्य आहे आणि ते आस्थापना शाखेत आयुष्य घालवलेल्या माणसाला चटकन ओळखू येते. यांपैकी दोन तर काहीही न करता साधतात. एखादे कार्यालय नकोसे झाले म्हणजे त्याविरुद्ध कोणी आदेश काढत नाही. पद मंजूर असते, भरती स्थगित असते. वाहन मंजूर असते, इंधनाची तरतूद अपुरी असते. तज्ज्ञ लेखापाल हवा म्हणून प्रस्ताव आला की त्यावर तीन शंका काढून तो परत पाठवावा. उत्तर आले की चौथी शंका काढावी. तोवर आर्थिक वर्ष संपते आणि शिल्लक रक्कम समर्पित होते. मग पुढच्या वर्षी म्हणावे, गेल्या वर्षीचीच रक्कम खर्च झाली नाही, वाढीव कशाला? हा सारा व्यवहार नियमांच्या चौकटीत बसतो. कोणाच्याही सहीला डाग लागत नाही.

संविधानाने काही संस्थांना या पेचातून बऱ्याच अंशी सोडवले आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद १४८ अन्वये आणि लोकसेवा आयोगांचा खर्च अनुच्छेद ३२२ अन्वये एकत्रित निधीवर भारित असतो. त्यावर विधिमंडळात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. लोकायुक्त ही संस्था संविधानात नाही. ती त्या त्या राज्याच्या कायद्यातून जन्मली, म्हणून त्या कायद्याइतकीच मजबूत किंवा दुबळी. तिच्या संपूर्ण खर्चाला, केवळ लोकायुक्तांच्या वेतनाला नव्हे, असे संरक्षण सर्वत्र मिळाले पाहिजे. मात्र ‘भारित’ हा शब्द लिहिला की काम झाले असे आम्ही म्हणणार नाही. अंदाज शेवटी वित्त खातेच तपासते आणि कात्री तिथेच लागते. म्हणून लोकायुक्तांनी आपला अंदाज विरोधी पक्षाचे सदस्य असलेल्या विधिमंडळाच्या समितीपुढे ठेवावा. वित्त खात्याने आपला अभिप्राय जरूर जोडावा, पण कपात करायची झाल्यास ती समितीने कारण नोंदवून करावी. खर्च केवढा हा प्रश्न गौण आहे. तो कोणाच्या मर्जीवर, हा मुख्य.

पैशांनंतर माणसे. लोकायुक्तांचे पोलीस प्रतिनियुक्तीवर येतात आणि काही वर्षांनी मूळ खात्यात परततात. त्यांची पुढची बढती आणि पुढची बदली मूळ खात्याच्या हाती असते. ज्या घरी उद्या परत जायचे त्या घराच्या दारावर आज छापा घालायला असामान्य धैर्य लागते, आणि शासनव्यवस्था असामान्य धैर्यावर उभी करता येत नाही. संस्थेला स्वतःचा संवर्ग हवा, स्वतःचे लेखातज्ज्ञ, अभियंते आणि कायदा अधिकारी हवेत. जे प्रतिनियुक्तीवर येतील त्यांची मुदत निश्चित असावी आणि लोकायुक्तांच्या संमतीवाचून त्यांना मध्येच हलवता येऊ नये.

हे अशक्य नाही याचे उदाहरण म्हणून आपल्या देशाबाहेरच्या एका शहराकडे पाहता येईल. १९७३ साली हाँगकाँग ही ब्रिटिश वसाहत होती, वस्ती चाळीस लाखांच्या घरात. तेथील पीटर गॉडबर नावाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी, त्याच्या बेहिशेबी मालमत्तेची चौकशी चालू असतानाच, इंग्लंडला पळून गेला. लोक रस्त्यावर उतरले. भ्रष्टाचाराचा तपास तोवर पोलीस खात्याचीच एक शाखा करीत असे. गव्हर्नर मॅक्लेहोज यांनी ते काम पोलिसांकडून काढले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये थेट आपल्याला जबाबदार असा स्वतंत्र आयोग स्थापला. त्याला नागरी सेवेबाहेरचा स्वतःचा कर्मचारीवर्ग आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष मिळाले. तपासाबरोबर खात्यांच्या कार्यपद्धतीतील पळवाटा बुजवणारा एक विभाग आणि लोकांत जाऊन बोलणारा दुसरा विभागही दिला गेला. गॉडबरला १९७५ मध्ये परत आणून शिक्षा झाली. मार्ग सरळ नव्हताच. ऑक्टोबर १९७७ मध्ये संतप्त पोलिसांनी आयोगाच्या कचेरीवरच चाल केली आणि सरकारला १९७७ पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांना अंशतः माफी जाहीर करावी लागली. आयोग मात्र टिकला. तेथे राज्य लोकनियुक्त नव्हते, एका माणसाच्या हुकमाने बरेच काही होऊ शकत होते, आणि आपल्याला ती वाट घ्यायची नाही. घेण्याजोगी आहे ती एवढीच गोष्ट, की ज्याची चौकशी करायची त्याच्या घरातून चौकशी बाहेर काढली गेली.

हाँगकाँगकडून आणखी एक धडा घ्यावा. त्या आयोगाच्या तपासकामावर नागरिकांचा समावेश असलेली समिती देखरेख करते. तिच्यापुढे ठेवल्याशिवाय तपास परस्पर गुंडाळता येत नाही. स्वातंत्र्य म्हणजे बेबंदपणा नव्हे. २०१५ ने आपल्याला हेच शिकवले. राखणदाराला पोटभर भाकरी द्यायची, पण त्याच्या झोळीत आणखी काय आहे हे पाहण्याचा हक्क गावाने सोडायचा नाही. लोकायुक्त व त्यांच्या कर्मचाऱ्यांची मालमत्ता विवरणे दरवर्षी उघड व्हावीत, आणि किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती का बंद झाल्या, याचा हिशेब विधिमंडळापुढे ठरलेल्या दिवशी यावा.

शासकीय अधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक शब्द सांगितला पाहिजे. ऊठसूट कोणावरही चौकशी लागू लागली तर प्रामाणिक अधिकारी सही करायलाच धजणार नाही, फाईल वर सरकवून मोकळा होईल. म्हणून खटल्यापूर्वी मंजुरीची अट कायद्यात आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीने शासकीय निर्णयांबाबतच्या चौकशीसाठीही पूर्वपरवानगी आवश्यक केली. अटीमागचा हेतू आम्हाला मान्य आहे. पण कायद्यात तीन महिने, फार तर आणखी एक महिना असे लिहिलेले असताना वर्षानुवर्षे उत्तरच न देणे हे संरक्षण नव्हे. तो मौनाने दिलेला नकार आहे. मुदत उलटली की मंजुरी मिळाली असे मानावे, आणि नाकारायची असेल तर कारणे लेखी द्यावीत. प्रामाणिक अधिकाऱ्याला लेखी कारणांचे भय नसते.

मराठी मनाला रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव घेतले की भरून येते. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये वध झाला. त्यात राघोबादादांचा हात असल्याचा निर्णय शास्त्रीबोवांनी त्यांच्या तोंडावर सांगितला आणि पद सोडून ते निघून गेले, अशी परंपरा आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. आमचाही त्या स्मृतीला नमस्कार आहे. परंतु या कथेची दुसरी बाजू आपण कधी पाहिली का? अपराध सांगणारा पुणे सोडून गेला आणि ज्याच्याविषयी सांगितला तो पेशवेपदावर राहिला. सत्ता बारभाईंच्या हाती गेली तेव्हा शास्त्रीबोवा न्यायासनावर परतले. म्हणजे न्यायाधीशाचे राहणे-जाणे राज्यकर्त्याच्या बदलण्यावर ठरले. रामशास्त्र्यांना आपण देवघरात बसवले. त्यांना पद न सोडता निर्णय देता येईल अशी व्यवस्था उभारणे मात्र राहून गेले. सव्वादोनशे वर्षांनंतर संतोष हेगडे यांना राजीनामा लिहावा लागला तेव्हाही आपण टाळ्याच वाजवल्या. सज्जनाच्या राजीनाम्याला टाळ्या वाजवणे सोपे असते, त्यात आपल्याला काहीच द्यावे लागत नाही.

आपण सीमाभागातली, इंदूर-ग्वाल्हेरची, वडोदऱ्याची, हैदराबादची घराणी सार्वजनिक कामात कधी मागे राहिलेली नाहीत. वाचनालये, शाळा, नाट्यगृहे आपण वर्गणीतून उभी केली. मात्र कचेरीतल्या कामापुरते आपले धोरण गुपचूप उरकून घेण्याचे राहिले. इथली कार्यालयीन भाषा आपल्या वडीलधाऱ्यांना लिहिता येत नाही, म्हणून मध्यस्थ लागतो. आणि मध्यस्थ म्हटला की बाकीचे ओघाने येते. आपल्यात निवृत्त तहसीलदार आहेत, लेखाधिकारी आहेत, वकील आहेत, बँकेतली माणसे आहेत. दर शहरातल्या मंडळाने महिन्यातून एक दुपार अशी ठेवावी की कोणाही ज्येष्ठाला अर्ज, माहिती अधिकाराची विनंती किंवा प्रतिज्ञापत्रासह तक्रार लिहून मिळेल, आणि सुनावणीला सोबत येणारा माणूसही मिळेल. एकट्या वहिनींना जे भय वाटते ते दहा जण बरोबर असले की वाटत नाही.

निवडणुका येतात तेव्हा उमेदवार आपल्या वाड्याच्या ओसरीवर येऊन बसतात, चहा घेतात, जुन्या ओळखी काढतात. त्यांना रस्ता आणि पाणी यांबरोबर तीन प्रश्न विचारावेत. लोकायुक्तांची किती पदे रिकामी आहेत? किती अहवाल कार्यवाहीवाचून पडले आहेत? आणि किती मंजुऱ्या मुदत उलटूनही अडल्या आहेत? उत्तर त्या दिवशी मिळणार नाही. पण पुढच्या खेपेला येताना ते माहिती घेऊन यावे लागेल, एवढे त्यांना कळेल. हे प्रश्न कागदावर लिहून ओसरीवर ठेवायला खर्च काहीच येत नाही.